जेऊरचं यंत्र यादीतून काढताना

एखादं यंत्र यादीतून काढायला मला दोन मिनिटं लागतात. जेऊरचं काढायला जवळजवळ तीन महिने लागले. यंत्र चांगलं होतं, मीच अडून बसले होते.

मी एका बँकेच्या सोलापूरच्या जिल्हा कचेरीत नेटवर्क सांभाळते. कचेरी नवी पेठेतल्या एका बोळात आहे. खाली साड्यांचं दुकान, मधे हिशेबनीसांचा मजला आणि सगळ्यात वर माझी खोली. खोलीत एसी आहे, पण तो माझ्यासाठी बसवलेला नाही, सर्व्हरसाठी आहे. मे महिन्यात एसी बंद पडला तेव्हा दुरुस्तीवाल्याला फोन करताना आमचे व्यवस्थापक काकुळतीला येऊन म्हणाले होते, "लवकर या हो, आत सर्व्हर आहे." आत मीही होते. असो.

माझं काम म्हणजे एक पडदा. त्यावर जिल्ह्यातल्या आमच्या सगळ्या शाखांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. प्रत्येक शाखेत एक राउटर असतो, म्हणजे शाखेला आमच्या कचेरीशी जोडणारी डबी. ही डबी दर मिनिटाला आमच्या सर्व्हरला 'मी आहे' असं कळवते. कळवलं की ठिपका हिरवा, नाही कळवलं की लाल. सगळं हिरवं असलं की मला काही काम नसतं आणि लोकांना वाटतं मी फुकटचा पगार घेते. लाल झालं की मात्र लगेच फोन येतो, आणि करणारा माणूस बोलत नाही, ओरडतो. 'छान चाललंय' हे सांगायला इतक्या वर्षांत मला कुठल्याही शाखेतून फोन आला नाही. अपवाद जेऊरचा.

बाकीच्या शाखांचे राउटर दिवसरात्र चालू असतात. जेऊरला कुणा जुन्या साहेबांनी शॉर्टसर्किटचा धसका घेऊन नियम घातला होता की संध्याकाळी निघताना शाखेतलं मुख्य बटण खाली करायचं. साहेब बदलून गेले, नियम राहिला. मी तीन वेळा लेखी कळवलं की राउटर असा रोज बंद करायचा नसतो. तीनही वेळा 'नोंद घेतली' असं उत्तर आलं आणि संध्याकाळी बटण खालीच. त्यामुळे रोज सकाळी जेऊरचा राउटर नव्याने उठायचा, आणि त्याला उठून हिरवा व्हायला चार मिनिटं लागायची.

त्या चार मिनिटांचा फोन पावणेदहाला यायचा.

"म्याडम, जेऊर. बटण वर केलंय. हिरवं झालं का?"

हे तिथले शिपाई. शाखेतले सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. खरं तर त्यांनी बटण वर केल्याचं सांगून फोन ठेवला असता तरी चाललं असतं. पण हिरवं झाल्याचं माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय ते फोन ठेवायचे नाहीत. पहिले काही महिने मी मूग गिळून पडद्याकडे बघत बसायचे. मग एकदा मी सहज म्हणाले की आज सोलापुरात पाचव्या दिवशी पाणी आलं आणि तेही गढूळ. ते म्हणाले, "आता गं! मग काय केलं?" मी सांगितलं काय केलं. तेवढ्यात हिरवं झालं.

तिथून ते सुरू झालं. चार मिनिटं म्हणजे किती, पण रोजची चार मिनिटं धरली तर पुष्कळ होतात. आई नातेपुत्याहून माझ्याकडे आली, तिचा गुडघा, तिची औषधं, ती रात्रभर जागी असायची ते दिवस, मग ती गेली ते, मग भावाने गावच्या घराला नवं कुलूप लावलं ते. मी ज्यांच्याकडे वरची खोली भाड्याने घेतली आहे ते पद्मशाली कुटुंब आपापसात तेलुगू बोलतं, आणि मला इतक्या वर्षांनी त्यातलं निम्मं समजतं, पण ते त्यांना ठाऊक नाही. हेही मी जेऊरला सांगितलं होतं. मामा मधे मधे "व्हय की" म्हणायचे. कधी "लई वंगाळ झालं" म्हणायचे. हिरवं झालं की "बरं मग, ठिवतो."

वर्षातून एक दिवस मात्र आमचं भांडण ठरलेलं. खंडेनवमीला बँकेचं काम अर्धा दिवस असायचं आणि बरोबर अकराच्या सुमाराला जेऊर लाल व्हायचं. पहिल्या वर्षी मी धावाधाव केली, टेलिफोनवाल्यांना शिव्या घातल्या, आणि मग शाखेचा फोन लागला तर मामा शांतपणे म्हणाले, "पूजेला काढलंय म्याडम. आज हत्याराला कामाला लावत न्हाईत." त्यांनी राउटरची वायर काढून त्याला पाटावर बसवलं होतं, हळद-कुंकू वाहिलं होतं, झेंडूची माळ घातली होती. मी इतकी चिडले की माझा आवाज खालच्या मजल्यावर गेला. ते म्हणाले, "वर्सभर राबतंय बिचारं. तासभर बसू द्या की." दुसऱ्या वर्षापासून मी त्या दिवशी जेऊरपुढे आधीच 'नियोजित दुरुस्ती' असं लिहून ठेवायला लागले. पुण्यात बसणाऱ्या माझ्या वरिष्ठ साहेबांनी कधी विचारलं नाही की जेऊरची दुरुस्ती दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशीच कशी निघते.

गेल्या वर्षी जेऊरची शाखा बंद झाली. खातेदार शेजारच्या शाखेत वर्ग झाले, साहेब दुसरीकडे गेले, शाखेचा फोन कापला गेला. फर्निचर हलवायचं राहिलं होतं, म्हणून तेवढ्यापुरती किल्ली मामांकडे ठेवली होती. पडद्यावर जेऊर लाल झालं आणि लालच राहिलं. पुण्याहून साहेबांचा निरोप आला, बंद शाखेचं यंत्र यादीत ठेवू नका.

यंत्र नीट काढायचं तर दोन कामं करावी लागतात. आधी यंत्राच्या आत शिरून आपला पत्ता आणि परवलीचे शब्द पुसायचे, म्हणजे ते आपल्याला विसरतं. मग आपल्या यादीतून त्याचं नाव काढायचं. जेऊरचं यंत्र बंद असल्याने मला आत शिरता येईना. मी फक्त नाव काढलं, रेशनकार्डावरून कमी करतात तसं. हे अर्धवट काम आहे हे मला माहीत होतं. साहेबांना मी 'काढले' एवढंच कळवलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मला अजून आठवतात ते पावणेदहामुळे. पावणेदहा वाजायचे आणि काही व्हायचं नाही. मी पाणी प्यायचे, पेन्सिलीला टोक काढायचे, विनाकारण माढ्याच्या नाहीतर सांगोल्याच्या राउटरचं तापमान बघायचे. एकदा दिवस संपताना लक्षात आलं की सकाळपासून मी फक्त रिक्षावाल्याशी बोलले होते. तो म्हणाला होता, "किधर छोडूं बाई?" आणि मी म्हणाले होते, "नवी पेठ." मला मामांची आठवण येत होती. हे स्वतःशी कबूल करायलाही मला लाज वाटली, कारण त्या माणसाचा चेहरासुद्धा मी पाहिलेला नव्हता. मोबाइल नंबर कधी घेतला नव्हता, शाखेचा फोन होता ना. माझ्या टेबलावरचा फोनही फक्त बँकेच्या फोनांवरूनच लागतो. आता मागायचा तर कर्मचारी विभागात कुणीतरी विचारणार, कशाला हवाय? म्हणून मागितला नाही.

आणि मग एका सकाळी आमच्या पडद्याच्या तळाशी एक ओळ आली. तिथे 'अनोळखी यंत्रे' असा एक कप्पा आहे. कुठल्याही ओळख नसलेल्या यंत्राने आमच्या सर्व्हरला हाक मारली तर ते तिथे दिसतं, आणि त्याला आत घ्यायचं की नाही हे मी ठरवायचं. ओळीत नाव नव्हतं, फक्त यंत्राचा क्रमांक होता. शेवटचे चार आकडे बघितले आणि मी खुर्ची पुढे ओढली. वेळ होती नऊ एकोणपन्नास. म्हणजे बटण पावणेदहालाच वर झालं होतं.

जेऊरचा राउटर मी नाव काढून टाकलं होतं तरी मला विसरला नव्हता. त्याच्या आतलं पुसलंच नव्हतं. फोन कापला होता, पण राउटरची लाइन टेलिफोनवाल्यांनी अजून तोडलेली नव्हती. बटण वर झालं, तो उठला, आणि सवयीने सांगू लागला, मी आहे. संध्याकाळी पाचला ओळ गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पावणेदहा. तिसऱ्या दिवशीही.

नियमाप्रमाणे मी हे त्याच दिवशी वर कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. आत घेतलं नाही आणि नाकारलंही नाही. नुसती बघत बसायचे. माझ्या डोळ्यांपुढे चित्र यायचं, रिकाम्या शाखेत एक म्हातारा माणूस लाकडी बाकावर एकटा बसलाय, घरी कुणी नाही, जायला जागा नाही, म्हणून रोज येतो, बटण वर करतो आणि डबीवरच्या दिव्याकडे बघत बसतो. मला त्यांचा इतका कळवळा यायचा की एकदा डोळे पुसावे लागले. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. कुणीतरी होतं तिकडे.

असे दोन महिने गेले. मग पुण्याच्या साहेबांनी कसलासा अहवाल काढला आणि त्यांना ती ओळ दिसली. फोनवर त्यांचा आवाज चढला होता. "बंद इमारतीतून रोज कोणीतरी आपल्या नेटवर्कवर येतंय आणि तुम्हाला पत्ता नाही? किल्ली कुणाकडे आहे? त्या शिपायावर कारवाई करायला लागेल. तक्रारच देतो."

कानाडोळा मी केला होता आणि शेकणार होतं मामांच्या अंगावर. मी म्हणाले, "सर, चूक माझी आहे. आतलं पुसायचं राहिलं होतं. मी स्वतः जाते, पुसते आणि यंत्र घेऊन येते." ते म्हणाले, शुक्रवारपर्यंत करा, नाहीतर मी बघतो. यंत्र चालू असताना ते मला सोलापुरातूनच, खुर्चीतून न उठता पुसता आलं असतं. साहेब तेवढे तांत्रिक नाहीत, त्यांना ते सुचलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

गुरुवारी सकाळच्या गाडीने निघाले. कुर्डुवाडीला गाडी अर्धी रिकामी झाली आणि जेऊरला मी उतरले तेव्हा फलाटावर माझ्याशिवाय चार माणसं असतील. रस्त्याला केळीचे ट्रक लागले होते. मी मनात वाक्यं जुळवत होते. मामा, असं एकटं बसू नये. मामा, माणसांत मिसळावं. नातेपुत्याच्या बाईने जेऊरच्या माणसाला द्यायचा उपदेश अगदी तयार होता.

शाखेचं शटर अर्धं वर होतं. बाहेर कट्ट्यावर एक उंच, भरदार मिशीचा माणूस दोघातिघांशी हसत तंबाखू मळत बसला होता. मी विचारलं, "जेऊर शाखेचे मामा कुठे भेटतील?"

त्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "अवो म्याडम!" तो ओरडला. "आवाज वळाकला की मी!"

मला शाखेत जाऊच दिलं नाही. आधी घरी. घर मागच्याच गल्लीत, आणि घर कसलं, जत्रा होती. मामी, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, दावणीला सहा शेळ्या. मामींनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि पहिलंच काय विचारलं तर, "तुमच्या भावानं कुलूप काढलं का वो घराचं?" धाकटी सून म्हणाली, "तुमची ती तेलगू मालकीणबाई बरी हाय न्हवं आता? पडली हुती ना जिन्यात." थोरलीला माझ्या आईचं औषधसुद्धा माहीत होतं. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले. या घरात रोज माझी चार मिनिटं ऐकली जात होती, आणि मला मात्र हेही ठाऊक नव्हतं की मामांना मुलं किती. मी कधी विचारलंच नव्हतं. सगळा वेळ मीच बोलत होते. या माणसाला एकटं कुणी ठरवलं? मी. कशावरून? त्याला माझ्याशी बोलायला आवडतं यावरून. माझ्याशी बोलायला आवडणारा माणूस एकटाच असणार, असा माझा हिशेब.

जेवण झाल्यावर आम्ही शाखेत आलो. टेबलं भिंतीला लावून ठेवलेली, धूळ होती, पण राउटरची फळी स्वच्छ पुसलेली. मी जरा कचेरीतला आवाज काढला. "मामा, शाखा बंद झाली. मग हे रोज कशाला चालू करता? साहेब तक्रार द्यायला निघाले होते."

ते खरोखर गोंधळले. "तुमीच म्हनला हुता की."

"मी? काय म्हणाले?"

"आवो, एकदा लाइट गेल्ती हितली. दुपार झाल्ती. मी म्हनलं, म्याडम जेवून घ्या तवर. तर तुमी चिडून म्हनला, एक जरी शाखा लाल आसली तर मला जाग्यावरनं उठता येत न्हाय, जेवता बी येत न्हाय." ते डबीकडे बघत म्हणाले, "शाखा बंद झाली तवा पयले काय दिवस मी बी सोडून दिलं. मग घरात जेवाय बसलो की मनात यायचं, तितं आपलं लाल दिसत आसंल. तुमी एकट्याच आसता तितं. उपाशी बसला आसाल आमच्यापायी."

मी तसं म्हणाले असणार. मला काही आठवत नाही. रागाच्या भरात मी दिवसातून दहा गोष्टी बोलते. त्यातली एक गोष्ट मनावर घेऊन हा माणूस दोन महिने रोज सकाळी येऊन बटण वर करत होता आणि संध्याकाळी खाली, का, तर मला जेवता यावं. मी सोलापुरात बसून त्यांची कीव करत होते, आणि ते इथे भरल्या घरात बसून माझी काळजी वाहत होते. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त रडू आलं. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, म्हणजे खाली मान घालायला निमित्त झालं.

वायर जोडली. आत शिरले. आमचा पत्ता पुसला, परवलीचे शब्द पुसले, शाखेचं नाव पुसलं. मग यंत्र पुन्हा चालू करून बघितलं. मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉपमध्ये कचेरीचा पडदा उघडला; तळाशी कुठलीही ओळ आली नाही. आता त्याला मी कोण ते माहीत नव्हतं.

मामा पाठीमागे उभे राहून बघत होते. "आता लाल दिसंल का?"

"नाही मामा. आता यादीतच नाही. लालही नाही आणि हिरवंही नाही."

त्यांनी डबीवरून हात फिरवला. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "मग तुमाला कळायचं कसं, आमी हाय का न्हाय त्ये?"

मी वायर गुंडाळत राहिले. राउटर टॉवेलात बांधून पिशवीत ठेवला. पुढच्या गाडीला वेळ होता, पण मी घाई दाखवली. निघताना धाकट्या सुनेने माझा मोबाइल मागून घेतला आणि त्यात मामांचा नंबर घालून दिला.

तो नंबर सहा आठवडे तसाच पडून होता. मी फोन करणाऱ्यातली नाही. म्हणजे करते, पण काहीतरी बंद पडल्यावर. लाइन तुटली, वीज गेली, पंखा जळाला, असं काही असलं की मला शब्द सापडतात. मामांकडे आता माझं काहीच बंद पडण्यासारखं नव्हतं. कधी नाव उघडायचे, बघायचे आणि फोन उपडा ठेवायचे. त्यांचाही फोन आला नाही. त्यांच्याकडे माझा मोबाइल नंबर नव्हता आणि द्यायचं मला सुचलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी खाली मालकांच्या घरी पाहुणे आले होते. कुणाचं तरी लग्न ठरत होतं. तेलुगूतली चेष्टामस्करी वरपर्यंत येत होती, आणि मला निम्मी समजत होती. मी पलंगाच्या कडेला बसले आणि नंबर लावला. एका बाईने उचलला, कोण म्हणून विचारलं. मी म्हणाले, सोलापूर. पलीकडे एकच गडबड झाली आणि मग मामांचा आवाज आला, घाबरलेला.

"म्याडम, काय बिगाड झालं? साहेबांनी काय केलं का?"

"नाही मामा. सगळं ठीक आहे. काही बिघडलेलं नाही."

"मग?"

मी कधी कुणाला हे सांगितलेलं नव्हतं. आईलाही नाही. मी म्हणाले, "मामा, मला इथे कुणी नाही. कुणाशी तरी बोलावंसं वाटलं."

तिकडे कुणीतरी काही विचारत होतं, त्याला त्यांनी गप्प केलेलं मला ऐकू आलं. मग दार ओढून घेतल्याचा आवाज. मग म्हणाले, "बोला की. मी बसलोय."

मला काही सुचेना. पाणी कालच आलं होतं, गुडघ्याची आई राहिली नव्हती, पडदा सगळा हिरवा होता. मी नुसता फोन कानाला धरून बसले. ते तिकडे शेळ्यांच्या मधे बसले असावेत, त्यांचं ओरडणं येत होतं. बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही, आणि फोन कुणी ठेवला नाही.